जॅकेटातला धोटा: गिरणगावच्या स्मृतीवर बेतलेल्या एका डेनिम सहयोगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतील एक छोटा डेनिम ब्रँड आणि लालबाग-परळ भागातील गिरणी कामगारांच्या मुलानातवंडांचा एक गट यांनी काही वर्षांपूर्वी एकत्र येऊन एक जॅकेट तयार केले. त्या कामात नेमके काय ठरले, कुठे अडले, कोणते पर्याय चर्चेत आले आणि शेवटी काय हाती लागले, याची ही नोंद आहे. दोन्ही बाजूंची नावे येथे दिलेली नाहीत, आणि ज्यांवरून व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी या कामात समन्वयक होते. ब्रँडकडून मला मानधन मिळत होते आणि गटातील दोन कुटुंबांशी माझा जुना परिचय होता. माझे आजोबा एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण पुढे जी चूक झाली तिच्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

डेनिम हे परदेशी कापड, त्याचा गिरणगावाशी काय संबंध, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने विचारला होता. संबंध आहे, आणि तो जुना आहे. इंग्रजीत जाड सुती कापडाला आणि त्याच्या कामाच्या कपड्यांना ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द मुंबईतील डोंगरीवरून गेला, कारण हे भरड कापड त्या भागातून विकले जाई. डेनिमच्या नावात फ्रान्समधले नीम शहर आहे आणि जीन्सच्या नावात इटलीतले जेनोवा आहे, तसे डंगरीच्या नावात आपले डोंगरी आहे. पुढे १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि शहराच्या मध्यभागी एक पूर्ण कामगार वस्ती वसली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर ती वस्ती पूर्वीसारखी राहिली नाही. गटातील बहुतेकांचे बालपण त्या संपाच्या आगेमागे गेलेले आहे.

ब्रँडने प्रस्ताव मांडला तो असा: ३०० जॅकेटांचा एकच लॉट काढायचा, बाहेरून ते साधे, चार खिशांचे कामगारी जॅकेट दिसेल, आणि गिरणगावाशी संबंधित खुणा आतल्या बाजूला, शिलाईत, अस्तरात, खिशाच्या तोंडाशी अशा ठेवायच्या की ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या कळाव्यात. गटाला हा विचार आवडला. छातीवर मोठ्या अक्षरांत ‘गिरणगाव’ छापलेले टी-शर्ट त्यांनी पाहिले होते आणि त्यांचा त्यांना कंटाळा आला होता. आर्थिक बाबतीत गटाने एक शहाणपणाची अट घातली: नफ्यातला वाटा नको, कारण नफा किती झाला हे ब्रँडच ठरवणार; त्याऐवजी ठरावीक रक्कम आगाऊ द्यावी, विक्री होवो अथवा न होवो. ब्रँडने ती मान्य केली. मात्र तयार झालेल्या चिन्हांवर हक्क कोणाचा राहील, याबद्दल करारात एक ओळही नव्हती.

जॅकेटमध्ये काय दडवायचे ठरले होते

डेनिमच्या कपड्यांत अशा खुणांची परंपरा आहे, आणि आम्ही ती अभ्यासली होती. लिव्हाइसच्या जीन्सवरील मागच्या खिशांची रिव्हेट, म्हणजे शिवण घट्ट धरणाऱ्या धातूच्या टिकल्या, १९३७ मध्ये कापडाखाली झाकली गेली, कारण त्या खुर्च्यांना आणि खोगिरांना ओरखडे पाडत; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धागा वाचवण्यासाठी त्याच खिशांवरची दुहेरी कमान शिवण्याऐवजी रंगाने काढली जाई. जुन्या कपड्यांचे संग्राहक आज या खुणांवरूनच कपड्याचा काळ सांगतात. अलीकडचे, आणि आमच्या हेतूच्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकी डिझायनर ट्रेमेन एमरी यांच्या डेनिम टिअर्स या ब्रँडने २०२० मध्ये लिव्हाइसबरोबर केलेले काम. त्यात जीन्सवर आणि जॅकेटवर कापसाच्या बोंडांचे वेढे छापले होते. दिसायला ती सुंदर नक्षी होती, पण ज्या कापसावर अमेरिकेतील गुलामगिरी उभी राहिली, तोच कापूस त्याच कापसाच्या कपड्यावर आणून ठेवलेला होता. कापड आणि अर्थ एकाच पदार्थाचे असावेत, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

आमच्या जॅकेटात चार गोष्टी ठरल्या. खिशांचे अस्तर मांजरपाटाचे असेल. खिशाच्या तोंडाशी, जिथे ताण येतो तिथे, एका बारटॅकऐवजी, म्हणजे मजबुतीच्या दाट टाक्यांच्या पट्टीऐवजी, तीन बारटॅक असतील, तीन पाळ्यांसाठी तीन रंगांत: सकाळी सातच्या पहिल्या पाळीला फिकट पिवळा, दुपारी साडेतीनच्या दुसरीला विटकरी, आणि मध्यरात्रीच्या तिसरीला नीळ, जो निळ्या कापडावर जवळजवळ दिसतच नाही. तिसऱ्या पाळीचा हा न दिसणारा टाका गटातील एका सदस्याने सुचवला होता. त्यांच्या वडिलांनी अनेक वर्षे तीच पाळी केली होती. तिसरी गोष्ट म्हणजे आतल्या लेबलावर प्रत्येक जॅकेटाला वेगळा असा एका खऱ्या कामगाराचा तिकीट नंबर, म्हणजे गिरणीत त्याची ओळख असलेला क्रमांक. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, डाव्या छातीच्या खिशाच्या झडपेखाली पांढऱ्या धाग्याने विणलेला छोटा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणाऱ्या अवजाराची आकृती.

धोट्याची निवड मी सुचवली होती आणि तिच्या बाजूने मी बराच वाद घातला होता. कारागिरीच्या दृष्टीने ती निर्दोष होती. आम्ही घेतलेले कापड सेल्व्हेज डेनिम होते, म्हणजे धोट्याच्या जुन्या अरुंद मागावर विणलेले. धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि वळून परत येतो, म्हणून त्या कापडाची किनार स्वतःच बांधली जाते आणि उसवत नाही. जॅकेटाच्या आतल्या शिवणीत ती लाल रेघेची किनार दिसणार होती. ती रेघ आम्हाला वेगळ्या रंगात हवी होती, पण अहमदाबादकडची गिरणी एवढ्या थोड्या मालासाठी किनारीचा धागा बदलायला तयार नव्हती. ज्या अवजाराने ही किनार घडते तेच अवजार खुणेसाठी वापरणे मला इतके योग्य वाटले की त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याची गरजच वाटली नाही.

अडचण

तीन नमुना जॅकेटे तयार झाल्यावर ती गटाच्या बैठकीत ठेवली. बैठकीला प्रथमच आलेले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना येथे मी बाबा म्हणेन, झडप उचलून धोट्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ते रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते, त्यांचे वडीलही रिंग खात्यातच होते. दलित कुटुंब. त्यांनी मला विचारले, “पोरी, हा धोटा सगळ्या कामगारांचा म्हणून लावलाय ना?” मी हो म्हटले. ते म्हणाले, “माझ्या वडिलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती.”

यामागचा इतिहास लिखित आहे आणि मला तो माहीत असायला हवा होता. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील कांडीचा धागा संपला की नव्या कांडीचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा विणकर आपल्या तोंडाला लावी. या कारणावरून, म्हणजे विटाळाच्या कल्पनेवरून, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. आणि विणकाम खात्याची मजुरी सूतकताईच्या खात्यांपेक्षा बरीच जास्त होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खाते अस्पृश्य कामगारांना खुले करावे, हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला होता. म्हणजे ज्या वस्तूला आम्ही संपूर्ण गिरणगावाची गुप्त खूण म्हणून छातीवर लावत होतो, तीच वस्तू गिरणीच्या आत माणसामाणसांत भेद करणारी होती. ती दिसू नये अशी दडवलेली असल्यामुळे प्रश्न हलका झाला नव्हता. ‘ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल’ असे आम्ही म्हणत होतो, आणि ज्याला खरोखर ठाऊक होते त्याला ती अगदी पहिल्या क्षणी कळली.

माझे आजोबा साचेवाले असल्यामुळे आमच्या घरात गिरणी म्हणजे साचे, असेच मी ऐकत आले होते. आजोबांचा जुना धोटा अजून घरात आहे. त्याच्यापलीकडची गिरणी मी पाहिली नव्हती.

त्याच बैठकीत दुसरी अडचण पुढे आली, आणि ती तिकीट नंबरांची होती. गटाने सुमारे दोनशे कुटुंबांकडून नंबर जमवले होते आणि बहुतेकांनी ते आनंदाने दिले होते. तेव्हा घरांच्या अर्जांचे काम पाहणाऱ्या एका सदस्याने लक्षात आणून दिले की गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रता सिद्ध करताना जे पुरावे चालतात, त्यांत ओळखपत्र, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक यांच्याबरोबर तिकीट नंबरही असतो. गिरणीचे नाव आणि तिकीट नंबर एकत्र छापून बाजारात पाठवणे म्हणजे ज्यांचे अर्ज अजून प्रलंबित आहेत त्यांच्या कागदपत्रांशी खेळणे होते. हा मुद्दा ऐकल्यावर त्यावर वाद झालाच नाही. नंबर त्याच संध्याकाळी रद्द झाले.

समोर असलेले पर्याय

धोट्याच्या बाबतीत मात्र तीन आठवडे गेले. ब्रँडच्या संस्थापकांचे पहिले म्हणणे असे होते की धोटा ठेवावा आणि सोबतच्या पत्रिकेत या भेदभावाचा इतिहास लिहावा; म्हणजे खूण अधिक सखोल होईल. ऐकायला हे पटण्यासारखे होते. पण बाबांच्या मुलाने साधा प्रश्न विचारला: पत्रिका फेकून दिली जाते आणि जॅकेट राहते, मग राहणार काय? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय धोट्याशेजारी रिंग खात्याची बॉबिन ठेवण्याचा होता. तो मला त्याही वेळी रुचला नाही. दोन खाती शेजारी शेजारी शिवून दिली की त्यांच्यात कधी अंतरच नव्हते असे भासते, आणि प्रत्यक्षात ते अंतर तर मजुरीच्या पाकिटात मोजले जात होते. शिवाय मग सुताला खळ देणाऱ्या सायझिंगचे काय, कापड पांढरे करणाऱ्या ब्लीचिंगचे काय, असे प्रश्न आलेच असते. भोंग्याची खूण घ्यावी असेही कोणी सुचवले. भोंगा सर्वांचा होता हे खरे, परंतु तो गिरणगावावरच्या इतक्या पोस्टरांवर येऊन गेला आहे की आतल्या बाजूला दडवला तरी तो ओरडतच राहिला असता.

विणकरांच्या कुटुंबांचेही ऐकणे भाग होते. एका बाईंनी रागाने विचारले की त्यांच्या वडिलांनी ज्या धोट्यापायी फुप्फुसांत कापूस भरून घेतला तो आता लाजेचा विषय झाला काय. त्यांचा राग अनाठायी नव्हता. त्यांच्या वडिलांनी तो नियम केला नव्हता आणि खोकल्याने ते गेले, हेही खरे होते. या क्षणी मला वाटले की काम येथेच थांबवावे, आणि ब्रँडच्या संस्थापकांना मी तसे सांगितलेही. आता मागे वळून पाहताना तो सल्ला घाबरून दिलेला होता असे वाटते. दोन दुखऱ्या बाजूंमध्ये उभे राहायचे नव्हते म्हणून मी बाहेर पडायचा रस्ता शोधत होते.

मार्ग निघाला तो शिलाई विभागातून. नमुने शिवणारे मास्तर बैठकींना येत नसत, पण मी त्यांना सारे सांगत असे. ते म्हणाले की धुलाईआधी कापडावर एखादी पट्टी राहून गेली आणि धुलाईनंतर ती उसवली, तर खालचे कापड मूळ गडद रंगाचे राहते आणि आजूबाजूचे फिके पडते. असा नग दोषी म्हणून ते रोज बाजूला काढतात. मग हाच दोष मुद्दाम केला तर? छातीवर, जिथे बिल्ला लावतात त्या जागी, बिल्ल्याच्या आकाराची पट्टी शिवायची, जॅकेट धुवायचे, पट्टी उसवून टाकायची. राहील तो फक्त एक गडद आयत आणि त्याच्याभोवती सुईच्या छिद्रांची ओळ.

यामागे डेनिमची मूळ प्रकृती आहे. डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभा धागा, निळीत रंगवलेला असतो आणि बाणा पांढरा असतो. ताण्याचे सूत निळीच्या हौदातून पुन्हा पुन्हा बुडवून हवेत काढले जाते, तरी नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, बाहेरच्या थरावरच बसते. त्यामुळे घासले की गाभ्याचा पांढरा रंग वर येतो, आणि झाकलेला भाग झाकलेला होता हे कापड स्वतःच सांगते.

निर्णय आणि कृती

पट्टीचा नमुना बाबांना त्यांच्या घरी जाऊन दाखवला. त्यांनी आयतावरून अंगठा फिरवला, छिद्रे मोजल्यासारखी चाचपली आणि म्हणाले, “यात कुणाचं खातं दिसत नाही. हे चालेल.” ज्या बाईंनी धोट्यासाठी वाद घातला होता त्यांनी अर्थ वेगळा घेतला: त्यांना तो संपानंतर परत न मिळालेला बिल्ला वाटला. बदली कामगाराच्या मुलाने सांगितले की त्याच्या वडिलांकडे कायमचे तिकीट कधी नव्हतेच, ते रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत, आणि त्याच्यासाठी ही जागा पहिल्यापासून रिकामीच होती. एका खुणेचे तीन अर्थ निघाले. यांपैकी एकाला अधिकृत ठरवावे असे ब्रँडला वाटत होते. गटाने ते नाकारले.

मात्र या निर्णयाची किंमत होती आणि ती ब्रँडने मोजली. त्यांचे नेहमीचे ग्राहक न धुतलेले, कोरे डेनिम घेणारे होते. कोऱ्या सेल्व्हेजची गोडी हीच की ते अंगावर, वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे फिके पडते. पट्टीची खूण उमटण्यासाठी जॅकेट आधी धुऊन फिके करणे अपरिहार्य होते, म्हणजे नेहमीच्या ग्राहकाची मुख्य आवड बाजूला ठेवावी लागणार होती. त्यात पाण्याचा आणि रसायनांचा प्रश्नही होता. उल्हासनगरजवळच्या वालधुनीसारख्या नदीचे जीन्स धुलाईच्या सांडपाण्याने काय झाले हे या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे सांडपाणी शुद्ध करणारा कारखाना शोधण्यात वेळ गेला आणि दरही वाढला. दगडांची धुलाई सोडून एन्झाइमची धुलाई निवडली. पहिल्या खेपेला पट्ट्यांच्या कडा विरल्या आणि काही नग फाटले, कारण पट्टी साध्या लॉक टाक्याने शिवली होती आणि उसवताना ब्लेड कापडाला लागत होते. मास्तरांनी नंतर साखळी टाका वापरला, ज्याचे टोक योग्य बाजूने ओढले की सारी ओळ एका झटक्यात निघून येते.

दुसरा महत्त्वाचा निर्णय पत्रिकेच्या मजकुराचा होता. धोटा जॅकेटावरून गेला तरी त्याची गोष्ट पत्रिकेत यावी, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. ब्रँडकडून आलेल्या मसुद्यात वाक्य होते: ‘काही कामगारांना काही खात्यांमध्ये काम करण्याची संधी नव्हती.’ जातीचा उल्लेख केला तर विक्रीवर परिणाम होईल आणि समाजमाध्यमांवर वाद उठतील, अशी संस्थापकांना भीती होती, आणि ती त्यांनी लपवली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. परंतु ते वाक्य मान्य करण्यासारखे नव्हते. खुणा दडवणे हा या जॅकेटाचा खेळ होता; पण वाक्यात जात दडवणे म्हणजे ज्या कारणासाठी धोटा काढला तेच कारण पुन्हा झडपेखाली ढकलणे होते. गटाने स्पष्ट सांगितले की अस्पृश्यता हा शब्द, १९२८ हे साल आणि डॉ. आंबेडकरांची मागणी या तिन्ही गोष्टी छापल्या जातील, नाहीतर पत्रिकाच निघणार नाही. शेवटी तसेच छापले गेले, मराठीत आधी आणि इंग्रजीत नंतर. विणकरांच्या खोकल्याचा परिच्छेदही त्याच पानावर आहे.

विक्रीच्या तारखेवरूनही थोडी ओढाताण झाली. ब्रँडला १८ जानेवारी हवी होती. संपाच्या स्मरणदिनी दुकान मांडायचे नाही, असे गटाने ठरवले, आणि जॅकेटे फेब्रुवारीच्या अखेरीस बाजारात आली.

परिणाम

पहिल्याच महिन्यात तक्रारी येऊ लागल्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच स्वरूपाच्या होत्या: जॅकेटावर छातीपाशी डाग आहे, कुठलीतरी पट्टी उसवलेली दिसते, दोषी माल पाठवला आहे. पत्रिका आतल्या खिशात घडी करून ठेवलेली होती आणि बहुतेकांनी ती उघडली नव्हती. मास्तरांनी जे रोज दोष म्हणून बाजूला काढले तेच ग्राहकालाही दोष दिसले, यात ग्राहकाची चूक काहीच नव्हती.

यावर काय करावे याचे दोन मार्ग होते. प्रत्येक जॅकेटाच्या बाहेर ‘हा दोष नाही’ असा ठळक टॅग लावणे सोपे होते, पण मग खूण दडलेली राहत नाही आणि तिच्याकडे स्वतःहून पोहोचण्याची वाटही बंद होते. दुसरा मार्ग म्हणजे तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिणे, खूण काय आहे ते सांगणे, आणि तरीही नको असेल तर विनाअट पैसे परत करणे. ब्रँडने दुसरा मार्ग घेतला. पत्रे मी लिहिली. त्यांत एकच अर्थ सांगितला नाही. गटातील तिघांनी काय पाहिले ते सांगितले. बऱ्याच जणांनी जॅकेट ठेवले. काहींनी परत केले. परत आलेले नग पुन्हा विकले नाहीत, ते गटाकडे दिले. व्यवसाय म्हणून हा लॉट फार यशस्वी झाला नाही. शेवटची जॅकेटे संपायला वर्षाहून अधिक काळ लागला, आणि ब्रँडचे कोऱ्या डेनिमचे काही जुने ग्राहक नाराज झाले ते झालेच. गटाला मात्र आगाऊ रक्कम मिळालेली असल्यामुळे त्या मंदीची झळ त्यांना लागली नाही, आणि त्या अटीचे महत्त्व मला तेव्हा पूर्ण कळले.

तीन बारटॅकबद्दल कोणीच काही विचारले नाही. माझ्या माहितीप्रमाणे तिसऱ्या पाळीचा निळा टाका एकाही ग्राहकाने ओळखलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक बैठकींच्या रचनेत होती. गटाच्या बैठकी संध्याकाळी सात-साडेसातला होत, म्हणजे घरोघर स्वयंपाकाच्या वेळी, आणि त्यामुळे तेथे जवळजवळ सगळे पुरुष असत. गिरण्यांत स्त्रिया होत्या, विशेषतः वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात. गिरणीबाहेर खानावळी चालवून गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्याही स्त्रियाच होत्या. यांच्यापैकी एकीच्याही आठवणीचा टाका या जॅकेटात नाही. हे आमच्या लक्षात आले ते विक्री सुरू झाल्यावर, जेव्हा वाइंडिंग खात्यात काम केलेल्या एका आजींनी जॅकेट घालून पाहिले आणि विचारले की बायकांच्या मापाचे आहे का. नव्हते.

बाबा बैठकीला आले हा योगायोग होता, हेही मान्य केले पाहिजे. शेजाऱ्याबरोबर ते सहज आले होते. ते आले नसते तर ३०० धोटे विणून झाले असते, आणि आम्ही त्यांबद्दल अभिमानाने बोललो असतो. एखादी खूण सर्वांची म्हणून वापरायची असेल, तर नमुना शिवण्याआधी ती वेगवेगळ्या खात्यांतील माणसांसमोर ठेवणे हे कामाच्या आराखड्यातच असायला हवे होते. त्यासाठी फक्त गिरणीतल्या खात्यांची यादी करून प्रत्येकातील एका कुटुंबाला भेटणे पुरेसे होते. एका आठवड्याचे काम होते. शिवाय ज्येष्ठांच्या वेळेचे मानधन आम्ही धरले नव्हते. गटाला रक्कम मिळाली, पण बाबांनी दिलेल्या चार संध्याकाळी त्या हिशेबात कुठेच आल्या नाहीत.

धुलाई कारखान्याच्या माणसांना आणि मास्तरांना आम्ही उशिरा सामील केले. ज्या उपायाने काम वाचले तो त्यांच्याकडूनच आला. ते पहिल्या बैठकीपासून असते तर कदाचित पहिला नमुनाच वेगळा झाला असता, आणि दोष वाटणाऱ्या खुणेबद्दल ग्राहक काय म्हणेल हेही त्यांनी आधीच सांगितले असते. पत्रिकेबाबत माझे मत आज असे आहे की ती खिशात न ठेवता अस्तराला दोन टाक्यांनी अडकवायला हवी होती, म्हणजे जॅकेट पहिल्यांदा घालताना ती हाताला लागलीच असती.

चिन्हांच्या हक्काबद्दल करारात काही नव्हते, याचा त्रास नंतर झाला. ब्रँडने पुढच्या हंगामातील एका पँटवर तीन रंगांचे बारटॅक वापरले, गटाला न विचारता. हेतू वाईट नव्हता. शिलाई विभागाला ते छान दिसतात असे वाटले, एवढेच. पण ज्यांच्या वडिलांची ती तिसरी पाळी होती त्यांनी ते दुकानात पाहिले. ब्रँडने त्या पँटा मागे घेतल्या आणि त्यानंतर एक पानी लेखी समजुतीचा कागद झाला, ज्यात बारटॅकचे तीन रंग आणि पट्टीची खूण गटाच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही असे लिहिले आहे. हा कागद पहिल्या दिवशी व्हायला हवा होता.

धोटा असलेली तीन नमुना जॅकेटे अजून आहेत. त्यांचे काय करावे यावर गटात एकमत झालेले नाही. एक माझ्याकडे आहे, एक विणकराच्या त्या मुलीने मागून घेतले, आणि तिसरे बाबांनी आपल्याकडे ठेवून घेतले. ते का ठेवले हे मी त्यांना विचारलेले नाही. गेल्या भेटीत ते दारामागच्या खिळ्याला टांगलेले दिसले, झडपेचे बटण लावलेले.